कढीपत्त्याच्या कुंडीतली वीट

मंडळी, सकाळपासून सुन्न आहे.

आज कढीपत्ता मोठ्या कुंडीत हलवायला घेतला. वर्षभर त्याला बाटलीतलं सेंद्रिय टॉनिक न चुकता घालत होते. पानं हिरवी, म्हणून मी निर्धास्त. कुंडी उपडी केली तर मातीचं अख्खं ढेकूळ दणकन पडलं. गांडूळ सोडाच, आत मुंगीही नव्हती. निम्मी मुळं कुजलेली.

शेजारच्या महादेवीअक्का कठड्यावरून म्हणाल्या, "वैनी, ही माती न्हाय, वीट हाय की! भिंत बांधा आता."

त्यांचं रोप माझ्याच झाडाचं. त्या आपल्या कुंडीत शेंगांची टरफलं, भाजीची देठं घालतात. तिथल्या मातीत माझं बोट अलगद आत गेलं.

दोष बाटलीचा नसेलही. पण झाडाला पाजताना मातीकडे मी एकदाही पाहिलं नाही.

झाड सध्या ओल्या गोणपाटात गुंडाळलंय. अशा मुळांचं झाड कुणी जगवलंय का?