आठल्ये सरांचे मासे आणि उजेडाचे घोळ

किस्से शेवाळासारखे असतात. टाकीला जरा उजेड जास्त मिळाला की कुठून कुठून उगवतात, आणि कितीही घासा, काचेला चिकटून राहतात! ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एका मत्स्यालयात लॅब असिस्टंट होते. माझ्याकडचे बहुतेक किस्से तिथल्या आठल्ये सरांच्या क्लाउनफिशचे. लक्षद्वीपहून आणलेले, नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. त्यांना टाकीत पिल्लं व्हावीत, हाच सरांचा ध्यास. आणि मुंबईच्या बड्या साहेबांनी बजावलेलं, "यंदा पिल्लं झाली नाहीत तर टाक्या काढा. त्या खोलीत फायली ठेवू!"

*

सरांनी उत्साहाच्या भरात टाकीवर झगझगीत ट्यूब लावल्या. मासे बिचकले आणि दिवसभर टाकीतल्या समुद्रफुलाच्या झुबक्यात शिरून बसले.

पूर्णगडच्या एक आजी बघायला आल्या. टाकीभोवती फेरी मारून त्यांनी सरांनाच गाठलं.

"नुसतां फूलच हाय की! मासे खाल्लंत काय?"

सरांनी त्याच दुपारी एक सोडून सगळ्या ट्यूब काढल्या.

*

आमचे शिपाई शेट्येमामा. सरांनी त्यांना समजावलं, "मामा, या जातीत दोघंही आधी नरच असतात. जो मोठा होतो, त्याची मादी होते. घरात हुकूम तिचाच."

मामांनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं.

"सर, ह्यां आमच्या घरात बोलू नका हां. आधीच ती माज्यापेक्षा उंच हाय!"

*

उजेडाची वेळ रोज ठरलेली हवी, तरच जोडी अंडी घालते. म्हणजे दिवा सकाळी वेळेवर लावायचा, सांजेला वेळेवर मालवायचा. पण गणपतीत कोकणात कोण कामावर राहणार? मामा गावी, मीही गावी. सर रोज संध्याकाळी आरती अडवून सायकलवर टाकीकडे!

सरांच्या आईने शेवटी कुरकुरणाऱ्या घरच्यांना दटावलं, "थांबा रे! बाप्पा पाहुणा आहे, तो समजून घेईल. मासे घरचे ना!"

*

आणि अंडी झाली! सरांनी ठेवलेल्या कौलाच्या तुकड्यावर नारिंगी ठिपके. बाप परांनी वारा घालतोय, आम्ही खोलीत चवड्यांवर चालतोय. अंड्यांत डोळे चमकू लागले, पण फुटेना एकही. शेवटी बापानेच ती खाऊन टाकली. सर दोन दिवस जेवले नाहीत.

मग टाकीमागे सापडली रॉकेलची मिणमिणती चिमणी. मामा रोज घरी जाताना लावून जात होते!

"मामा, अंडी काळोखातच फुटतात हो!"

"अवो, बाळंतिणीच्या खोलीत काळोख ठेवतात काय? सटवाय येऊन नशीब लिहिणार कशी?"

सर मटकन स्टुलावर बसले. मामाही रडवेले झाले.

*

पुढची अंडी फुटायला आली, त्याच संध्याकाळी बडे साहेब हजर. त्यांच्यासमोर सरांचा आवाज फुटत नसे. गार चहासुद्धा "छान गरम आहे" म्हणून प्यायचे!

"दिवा मालवायची वेळ झाली, साहेब," सर पुटपुटले.

"मालवून मला काय दिसणार? राहू दे!"

तासभर गेला. अंडी जशीच्या तशी. साहेब म्हणाले, "फायलींची कपाटं सोमवारी पाठवतो." सरांचा चेहरा पडला. "चहाचं बघतो," म्हणत ते बाहेर गेले.

आणि फट्‌! सगळी इमारत काळोखात.

"शेट्ये, फ्यूज बघा!" साहेब ओरडले.

मामा चाचपडत गेले, चाचपडत आले. "फ्यूज जाग्यावर नाय, साहेब! कोणीतरी नेलान!"

पंखे बंद, खोलीत उकाडा. सगळे व्हरांड्यात बसलो. मामांनी समोरच्या घरातून गरम घावणे आणले. साहेब घावण्यांवर घावणे रिचवत विजेला शिव्या देत होते. सर कपांत चहा ओतत होते.

बऱ्याच वेळाने सर उठले आणि त्यांनी टाकीच्या काचेला टॉर्च लावला. काळोखातून टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं उजेडाकडे धावली. दहा, वीस, मग मोजताच येईनात! मी आनंदाने किंचाळले.

साहेब गुडघ्यांवर बसले. "अरे वा! आठल्ये, वा! आता ती कपाटं राहू देत. पण वीज आणा हो, नीट बघू दे!"

सरांनी पँटच्या खिशात हात घातला आणि चिनी मातीचा फ्यूज हळूच मामांच्या हातात ठेवला.

मामा फ्यूजकडे बघत राहिले, मग सरांकडे.

"सटवाय प्यांट घालते, ह्यां माला म्हायत नव्हतां!"