राखाडी लुडो

माझ्या लग्नाला आत्या येणार की नाही, हे एका कॉम्प्युटरवर अवलंबून होतं.

त्याचं असं झालं. माझं लग्न ठरल्यावर पाहुण्यांना मटणाचं जेवण दिलं, तेव्हा आत्यानं सगळ्यांदेखत तांबडा रस्सा पातळ झालाय असं म्हटलं. रस्सा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः केला होता. तेव्हापासून या सख्ख्या भावाबहिणींनी बोलणंच टाकलं. लग्न तोंडावर आलं तरी गडमुडशिंगीहून आत्याचा निरोप नाही. "न्हाई आली तर न्हाई," आबा म्हणायचे. (आणि जेवण निम्मं टाकून उठायचे.)

मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासला जात होते, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न मी सोडवू शकते अशी माझी समजूत होती. लहानपणी ही दोघं लुडो खेळताना जेवायलासुद्धा उठायची नाहीत, हे आत्यानंच मला सांगितलं होतं. क्लासच्या सरांकडे टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर होता आणि कॅसेटवर चक्क लुडो! सरांच्या विनवण्या करून तो मी रविवारी घरी आणला आणि नवीन यंत्र बघायला म्हणून आत्याला बोलावलं. ती आली. आबांकडे पाठ करून बसली.

खेळ कॉम्प्युटरमध्ये भरण्यासाठी टेपरेकॉर्डरवर कॅसेट सुरू केली, तशी कॅसेट किंचाळायला लागली.

"मांजर अडकलंय काय गं त्यात?" आत्यानं विचारलं.

मी जाणकारासारखी हसले. मग पडद्यावर पट उमटला आणि माझं हसू मावळलं. सरांचा टीव्ही रंगीत होता. आमचा ब्लॅक अँड व्हाइट. लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या, सगळ्या सोंगट्या राखाडी!

आता माघार कशी घेणार? वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या आबांच्या, खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या आत्याच्या, बाकीच्या माझ्या आणि कॉम्प्युटरच्या, असं मी ठरवून टाकलं. ज्याची सोंगटी आधी घरात जाईल तो जिंकणार. थोड्याच चालींत सगळ्या एकमेकींत मिसळल्या. त्यातली एक मात्र सुसाट निघाली. आबा म्हणाले, ती माझी. आत्यानं आईकरवी त्यांना कळवलं की ती तिची आहे. दोघंही हात पुढं करून तिला घराकडं ढकलू लागली. सोंगटी घरात गेली आणि कॉम्प्युटर जिंकल्याची पाटी झळकली.

मग आत्या हळूच आबांकडे वळली.

"दादा, ह्या डबड्यानं आपल्या दोघांस्नीबी फसवलं की रं."

आबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"डबड्याला कशाला बोलतीस, सुमे," ते म्हणाले. "ही पोरगीच येडी हाय."

"व्हय की. लहानपणापास्नंच."

मग दोघं शेजारी शेजारी बसून, चहा पीत, माझ्या वेडेपणाचे दाखले एकमेकांना पुरवत राहिली. आईनं डोळ्यांना पदर लावला. मीही मान खाली घालून सगळं आनंदानं ऐकून घेतलं.

आत्या लग्नाला बरीच आधी येऊन राहिली. मांडवापासून मुंडावळ्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीवरून तिचं आणि आबांचं वाजलं. माझ्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "सून हुशार मिळाली हो आम्हाला," तेव्हा मात्र दोघं एकदमच खोकली आणि जेवणाची पानं बघायला निघून गेली.