पुढचा टायर

यंदा सायकलचे दोन टायर निवडायला मला तीन महिने लागले. पोरीचं लग्न याहून लवकर जुळलं होतं, असं बायको म्हणते, आणि ती काही खोटं बोलत नाही. जेवताना ताटाशेजारी फोन ठेवून मी टायरचे फोटो बघायचो, बोटांनी मोठे करून त्यावरची बटनं, म्हणजे रबराचे उंचवटे, निरखायचो आणि भाजी गार करून टाकायचो. कोणी विचारलंच तर सांगायचो की सगळीकडे चालणारा टायर हवाय. डांबरावर जड पडणार नाही, जंगलातल्या मुरमावर सरकणार नाही आणि धानाच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून जाताना चिखल धरून बसणार नाही असा. हे सगळं खरंच होतं, पण तीन महिने लागायचं कारण ते नव्हतं.

मी मुळात ट्रॅक्टरवाला माणूस. एकोडीच्या अलीकडे आमची थोडी धानाची शेती आहे. आपली चिखलणी उरकली की गावातल्या दहा-बारा घरांचीही मीच करतो. बांधीत, म्हणजे शेताच्या एकेका तुकड्यात, पाणी भरून ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्यासारखी केजव्हील लावून माती घोटायची, मग बाया रोपं लावतात, रोवणा करतात. आयुष्याची तीस वर्षं त्या सीटवर गेली आणि सीटवर बसून बसून साखर वाढली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कागदावर औषधं लिहिली आणि तोंडानं म्हणाले, "रोज घाम येऊ द्या." चालायचा मला कंटाळा. म्हणून गिअरची सायकल घेतली, जाड टायरची, रानावनात चालणारी. क्रॉसकंट्री हा शब्द मला फोननं शिकवला. आमच्याकडे त्याला आडरानानं जाणं म्हणतात आणि त्यासाठी कोणी वेगळी सायकल घेत नाही.

सोबतीला मित्र होता. आमच्या तलावावर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच बाकावर बसलेला. तरुणपणी काळ्या सायकलच्या कॅरिअरला माशांचा डबा बांधून तो साकोलीपर्यंत जायचा आणि बाजार उठायच्या आत रिकामा डबा घेऊन परत यायचा. पण त्याचं खरं काम पाण्यावरचं. एका खोडाचा कोरलेला डोंगा असतो, इतका अरुंद की मी त्यात नुसतं बसायलाही घाबरतो. हा त्यात सरळ उभा राहायचा, जाळं कोपरावर घ्यायचा, कंबरेतून वळायचा आणि फेकायचा. जाळं हवेत पूर्ण गोल उघडायचं आणि डोंगा जागचा हलायचा नाही. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जाणारे-येणारे तेवढ्यासाठी थांबायचे. त्याच्याकडे शेत नव्हतं, ट्रॅक्टर नव्हता, पण हे होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. तलावावर तो मान जरा ताठच ठेवायचा. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

माझी सायकल पाहून त्यानंही एक घेतली, वरठीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका ओळखीच्याची जुनी. त्या माणसानं ती वर्षानुवर्षं डांबरावरच चालवलेली, त्यामुळे दोन्ही टायरची बटनं घासून सपाट झाली होती. तरी रविवार आला की आम्ही निघायचो. तलावाच्या पाळीवरून कालव्याच्या नहरीवर, नहरीवरून मोहाच्या झाडांतून जंगलाची वाट, पुढे नाला, आणि येताना एकोडीला चहा. बोलणं फारसं व्हायचं नाही. चढावर तो पुढे, उतारावर मी पुढे.

मागच्या वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास मी ठरवलं की आता टायर बदलायचेच. भंडाऱ्याला गेलो. दुकानात चांगल्या बटनांचे दोनच टायर निघाले. म्हटलं ठीक आहे, एक माझ्या सायकलला, एक त्याच्या, दोन्ही मागच्या चाकाला. दुकानदार पोक्त माणूस होता. टायर बांधता बांधता म्हणाला, "एकच टाकायचा असंन भाऊ, तं पुढं टाका."

मी हसलो. म्हणालो, "तुमी कधी ट्रॅक्टर चालवला का?"

तोही हसला आणि गाठ मारून टायर माझ्या हातात दिले. गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार?

माझं डोकं तेव्हा असं चालायचं. ट्रॅक्टरचं मागचं चाक पाहा, छातीएवढं, हाताएवढ्या जाड पट्ट्यांचं. पुढचं चाक लहान, घासून गुळगुळीत झालं तरी कोणी लक्ष देत नाही. चिखलात सगळा जोर मागचाच. पुढची चाकं नुसती पाहुणी. तीस वर्षं ज्याच्या जिवावर चिखलातून बाहेर आलो, त्यावर माझा विश्वास बसणारच. मित्राच्या अंगणात मी स्वतः चाक खोललं, नवा टायर मागे बसवला, हवा भरली. पुढचा तसाच सपाट राहिला. माझ्या पुढच्यावर थोडीफार बटनं होती, त्याच्या पुढच्यावर हात फिरवला तर काहीच लागत नव्हतं. तो म्हणाला, "पुढचा चालते न?" मी म्हणालो, "पुढच्याले काय काम हाये?"

पुढच्या चाकाला काय काम असतं, ते आठच दिवसांत कळलं.

पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. पाळीवरून नहरीकडे उतरणारी वाट वरून सुकलेली दिसत होती, पण खाली कन्हार माती, काळी आणि चिकट, आत ओलीच होती. उतारावर मी पुढे होतो. खाली पोचून वळून पाहिलं तर तो वळणावर होता आणि मग नव्हता. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. धावत वर गेलो तेव्हा तो कुशीवर पडलेला, उजवा हात पोटाशी धरलेला, चेहरा पांढरा.

मी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग मातीकडे. ही माझी जुनी खोड आहे. ट्रॅक्टर फसला की मी चाकाचा माग बघतो, कुठे धरलं आणि कुठे सोडलं ते मातीत लिहिलेलं असतं. मागच्या नव्या टायरचे ठसे स्वच्छ उमटले होते, एकेक बटन मोजता येईल असे, अगदी वळणापर्यंत. पुढच्याची तेवढी एक गुळगुळीत रेघ होती, वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाहत गेलेली. मागच्या चाकाची पकड घट्ट होती, पुढच्याजवळ धरायला काहीच नव्हतं. मला एका नजरेत समजलं. त्याला उचलताना माझे पाय त्या रेघेवरून गेले, ती पुसली गेली, आणि मी ते चुकवले नाहीत.

तो दात आवळून म्हणाला, "माहा तोल गेला भाऊ."

मी म्हणालो, "होते असं. वय झालं आता आपलं."

हे मी का म्हणालो? त्याला बरं वाटावं म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला बरं वाटावं म्हणून म्हणालो.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पट्टा बांधला. मी प्रत्येक वेळी सोबत गेलो, त्याच्या घरी तांदूळ पोचवला, बाकी लागेल ते धावपळ करून केलं. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो. हाड जुळलं, हातही जवळपास पूर्ण वर जाऊ लागला. मला वाटलं, आता हा डोंग्यावर जाईल आणि झालं-गेलं मिटेल.

तो गेला नाही. डोंगा त्यानं धाकट्या भावाला दिला आणि स्वतः पाळीवर बसून जाळी विणू लागला. कोणी विचारलं की सांगायचा, "तोल रायला नाही आता. वय झालं." माझेच शब्द, जसेच्या तसे. ज्याला सायकलवर एवढासा उतार सावरत नाही, त्यानं खोल पाण्यावर उभं राहू नये, असा त्याचा साधा हिशेब होता आणि मला मोडायचा असता तर तो एका वाक्यात मोडता आला असता. मी पाळीवरून जायचो, थांबायचो, दोन शब्द बोलायचो आणि पुढे निघायचो. कधी त्याच्या घरचे सगळे बसलेले असायचे, कधी त्याचा मूड बरा नसायचा, कधी माझा. न सांगायला रोज एक कारण सापडायचं. असं वर्ष गेलं.

त्या वर्षात मी टायरबद्दल मात्र पुष्कळ शिकलो. वळायचं काम पुढचं चाक करतं, ब्रेकचा भारही त्याच्यावरच येतो. मागचं घसरलं तर माणूस बहुतेक सावरतो, पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढे रुंद, थोड्या सुट्या आणि उंच बटनांचा टायर घालावा, कडेची बटनं दणकट असावीत. मागे मधली बटनं बुटकी आणि जवळजवळ असली तरी चालतं, सायकल हलकी पळते. फार दाट बटनं असली की कन्हार माती त्यांच्यात भरून बसते आणि टायर थापलेल्या भाकरीसारखा सपाट होतो. हवा ठासून भरू नये. हे सगळं दुकानदारानं मला एका ओळीत सांगितलं होतं. ते मी वर्षभर पुन्हा पुन्हा वाचत बसलो, जणू काही कुठे तरी मी बरोबर निघेन.

गेल्या महिन्यात शेवटी टायर मागवले. ज्या दुपारी आले त्याच दुपारी तो आला, आपली सायकल हातानं ढकलत. तलावापासून माझ्या घरापर्यंत, बसून नाही, ढकलत. ट्रॅक्टर ठेवायच्या कोठ्यात त्यानं ती भिंतीला टेकवली.

"हे ठेव तुह्याकडं," तो म्हणाला. "जे कामी पडते ते काढून घे. मले आता कायची सायकल?"

मग त्यानं मी खुंटीला अडकवलेला नवा टायर काढला, उलटासुलटा केला, जाळं विणून विणून राठ झालेला अंगठा बटनांवरून फिरवला.

"चांगला हाये. मागं टाकशीन न?"

"नाही. पुढं."

"काहून?"

इतका साधा प्रश्न होता. वर्षभर तो मला कोणी विचारला नव्हता. मी खाली बसलो आणि सांगितलं. दुकानदार काय म्हणाला ते, मी काय म्हणालो ते, अंगणात चाक कसं बसवलं ते, मातीतली रेघ, आणि तिच्यावर दिलेला पाय. सांगताना त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून सायकलकडे बघत होतो.

त्यानं भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकलच्या पुढच्या टायरवर तोच अंगठा फिरवला.

"म्हणजे माहा तोल नोहता गेला?"

"नाही."

"तुले तवाच दिसलं होतं?"

"तवाच."

"टायर चुकला तं चुकला," तो म्हणाला. "मी बी तसाच लावला असता. पण मंग तू वय झालं काहून म्हटलं?"

 त्यानं टायर पुन्हा खुंटीला अडकवला, नीट, आणि तलावाच्या वाटेनं चालू लागला. मी मागून गेलो. त्यानं ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

पाळीवर चार-पाच जण जाळी वाळवत होते. तो कोणाशी न बोलता खाली उतरला, एक जाळं खांद्यावर घेतलं, डोंगा ढकलला आणि निघाला. धाकट्या भावानं हातातलं काम सोडून माझ्याकडे पाहिलं.

"आज काहून उतरला हा? याचा तोल गेला न?"

"नाही गेला," मी म्हणालो. "टायर मी चुकीचा लावला होता. म्हणून पडला तो. मले मालूम होतं." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो.  एकानं तेवढं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

तिकडे तो मधोमध जाऊन थांबला. आधी एका गुडघ्यावर आला, मग उभा राहिला. जाळं कोपरावर घेतलं, कंबरेतून वळला, फेकलं. ते अर्धंच उघडलं आणि एका बाजूला गोळा होऊन पडलं. त्यानं ते ओढून घेतलं, झटकलं, पुन्हा उभा राहिला. डोंगा हलत होता. ते मला एवढ्या लांबून, पाळीवरूनही दिसत होतं. मागच्या वर्षी, ज्या सकाळी तो पडला त्या सकाळपर्यंत, त्याच्या पायांखाली डोंगा कधी हलला नव्हता.