गौरीच्या पायाचा काळा अंगठा

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या शाखेत एका गृहस्थांना, तुमची सही तुमच्याच सहीशी जुळत नाही, असं चढ्या आवाजात सुनावत होतो. फोनवर काशीहून दिनकर होता. तो तिथल्याच मराठी घरात जन्मलेला, पण मन भरून आलं की त्याचं मराठी आटतं. "साहेब, मालतीआत्या... सुबह चली गईं। नींद में," एवढंच म्हणाला. मी रिसीव्हर ठेवला. माझा चेहरा बघून ते गृहस्थ आपलं भांडण विसरले आणि शिपायाला म्हणाले, साहेबांना पाणी द्या. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी वाराणसीला बदली झाली आणि मंगला गौरीच्या देवळापाशी मी मालतीताईंच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहिलो. एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. पहिल्या दिवशी जिना चढताना स्पिरिटचा असा काही भपकारा आला की माझ्या चेहऱ्यावर नको तो संशय उमटला असणार. नऊवारीतल्या त्या साठीच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "पिण्याचं नाही हो, पुसण्याचं आहे." जुन्या भिंतींवरची चित्रं रसायनांनी स्वच्छ करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही गल्लीबोळांतली देवघरं आणि मठ त्यांना बोलावत, आणि बँकेला सुट्टी असली की मी नुसता बघायला मागे जात असे. नाटकवेड्या माणसाला दुसरं काय हवं! बाई भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान लावत. पोकळ आवाज आला की इंजेक्शनच्या सुईने आत चुन्याचं पातळ पाणी सोडत. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायच्या तो थेट वाती वळाव्यात तसा. काडी स्पिरिटमध्ये बुडवायची, टिपायची, नखाएवढ्या जागेवर फिरवायची, काळी झाली की टाकून द्यायची. दिवसभरात तळहाताएवढं आकाश उघडायचं, आणि त्या निळ्याकडे बघताना माझी अखंड चालणारी बडबड आपोआप थांबायची.

पण मला सांगायचं आहे ते दिनकरच्या घरातल्या देवीबद्दल. त्यांच्या देवघराच्या भिंतीवर हातभर उंचीची देवी रंगवलेली होती. तोंड, हात, पाय काळे कुळकुळीत. घरात तिला काळी, म्हणजे कालीमाता, म्हणत. दिनकरच्या आई, गोदाकाकू, लग्न होऊन आल्या तेव्हापासून, म्हणजे साठ वर्षं, तिची पूजा करत होत्या. दोन मुलं गेल्यावर तिलाच नवस बोलून त्यांनी दिनकरला वाचवलं, असं त्या सांगत. गिलावा सुटायला लागला म्हणून दिनकरने मालतीताईंना बोलावलं. ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, की काळी म्हणता, मग हिची जीभ बाहेर कशी नाही? काकूंकडे उत्तर तयार होतं. "आमची काळी शहाणी आहे. जीभ आत ठेवते."

महिनाभरात तेलाचा आणि उदबत्तीचा थर निघाला. लाल शालू उजळला, हातातलं कमळ दिसलं. तोंड मात्र काळंच राहिलं. एका दुपारी ताईंनी काडी खाली ठेवली आणि औषधाच्या दुकानात कान धुवायला मिळतं ते साधं पेरॉक्साइड पाण्यात मिसळून, देवीच्या कानामागे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब टेकवला. मग भिंग माझ्या हातात दिलं. त्या काळ्यात पांढरा ठिपका उगवला होता. ताई हळू आवाजात सांगू लागल्या, की हा रंग मुळात काळा नाहीच, शिशापासून केलेला पांढरा आहे. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असतं. ते शिशाला भेटलं की पांढऱ्याचं काळं होतं, आणि पेरॉक्साइडने ते परत पांढरं करता येतं. देवघराला लागून स्वयंपाकघर, तिथे कोळशाची शेगडी. म्हणजे ही काली नव्हेच, गोरी गौरी. त्या घराने पिढ्यान्‌पिढ्या जो स्वयंपाक केला, त्यानेच गौरीची काळी झाली होती...

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ताईंनी सामान आवरलं आणि आठ दिवस त्या घरी पाऊल टाकलं नाही. मी रोज विचारायचो, कधी जायचं? नवव्या दिवशी चिडल्या. "रसायन मला येतं रे. पण त्या म्हातारीने साठ वर्षं जिला हाक मारली, तिलाच मी पुसून टाकू? आणि न सांगता ठेवू, तर मी कसली शास्त्रज्ञ?" संध्याकाळी आपल्याच तंद्रीत उठल्या आणि काकूंसमोर जाऊन बसल्या. शिसं, गंधक, शेगडी, सगळं पहिलीतल्या मुलीला समजावं तसं सांगितलं. म्हणाल्या, तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. दिनकर उंबऱ्यातच थांबला होता. काकू भिंतीकडे वळल्या.

"तिला दुखेल का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही दुखणार."

मग काकूंनी ताईंनाच कथा ऐकवली. पार्वती आधी सावळीच होती, शंकराने थट्टा केली म्हणून रुसली, रानात जाऊन तप केलं आणि गोरी होऊन आली. म्हणाल्या, "म्हणजे आता तुझी बाटली तप करणार?"

"तप तुमचं, काकू. बाटली तेवढी माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातलं ऊन आरशाने देवघरात पाडायचं काम माझ्याकडे आलं. ताई बारीक कुंचल्याने कपाळापासून सुरुवात करून भिजवत, टिपकागद टेकवत, थांबत, पुन्हा भिजवत. आधी काहीच होईना. मग काळं करडं झालं, करडं धुरकट झालं, आणि त्यातून कोवळी, दुधासारखी कांती वर येऊ लागली. कोणी काही लावत नव्हतं, खरवडत नव्हतं. रंग जागच्या जागी आपला मूळ स्वभाव आठवत होता. गाल आला. हनुवटी आली. ओठांच्या कोपऱ्यात इतकं बारीक हसू होतं की दोनशे वर्षांपूर्वीचा तो चितारी नुकताच उठून हात धुवायला गेला असावा. मी नीट बघायला पुढे वाकलो, तसा आरसा कलला आणि उजेड भिंतभर नाचू लागला. ताई मागे न बघता म्हणाल्या, "आरसा धर. आरती नको ओवाळू."

पायांपर्यंत आल्यावर काकू पुढे सरकल्या. "मालती, थोडी ठेव," म्हणाल्या. "मला ओळखीची असू दे." ताईंनी कुंचला उचलला. म्हणाल्या, आमच्या कामातही एक कोपरा मुद्दाम तसाच ठेवतात, पुढच्यांना आधी काय होतं ते कळावं म्हणून. आणि देवीच्या डाव्या पायाचा अंगठा त्यांनी काळाच ठेवला. काकूंनी वाकून त्याला बोट लावलं, मग ताईंच्या पायाला हात लावायला निघाल्या. वयाने वीस वर्षांनी मोठ्या बाई! ताईंनी त्यांना अर्ध्यावर धरलं आणि दोघी तशाच एकमेकींना धरून राहिल्या. बडबड्या मी, आरसा छातीशी धरून उभा.

गेल्या आठवड्यात काशीला जाऊन आलो. ताईंच्या खोल्यांना कुलूप आहे, बाटल्या प्रयोगशाळेने नेल्या. दिनकरकडे गेलो. गौरी तशीच उजळ आहे, अंगठा तसाच काळा. सूनबाईंकडे आता गॅस आहे, पण काकूंना भाकरी कोळशावरचीच लागते. माघातलं धुकं घाटावरून गल्लीत शिरलं होतं, दोन हातांवरचं दिसत नव्हतं, आणि उघड्या अंगणात, डोक्यावरून शाल घेऊन काकू शेगडी फुंकत बसल्या होत्या. मी म्हटलं, काकू, या थंडीत बाहेर कशाला? आत बसा. त्यांनी माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं.

"आत धूर होतो," म्हणाल्या. "मालतीला चालत नाही."

वारा फिरला. काकू उठल्या, शेगडी कडीला धरून आणखी दोन पावलं लांब नेली, आणि पुन्हा फुंकायला बसल्या.