कंडक्टरकाकांचा आवाज

गल्लीत त्याला सगळे फुकटमास्तर म्हणायचे. मास्तर तो कधीच नव्हता. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत तीस वर्षं शिपाई होता, एवढंच. पण कुणाकडे जुना कॉम्प्युटर दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. कॉम्प्युटर चालवणारी विकतची सिस्टिम काढायची आणि मोकळी, फुकटची बसवायची, हे एकच वेड.

"विकतची म्हणजे मोठ्या घरची सून," तो म्हणायचा. "दर चार वर्षांनी म्हणणार, हे घर मला लहान पडतंय, नवं घ्या. मोकळी आहे ती मोडक्या घरातही नांदते. कशी घडवली तेही उघड सांगते, पोटात काही ठेवत नाही."

"आणि तुम्ही त्या सुनेचे सासरे," त्याची बायको म्हणायची. "घरचा नळ गळतोय महिनाभर, तो बघा."

बोलणं त्याचं खोटं नव्हतं. शिंप्याचा, पेपरवाल्याचा, पाळणाघरातल्या बाईंचा, असे कितीतरी मेलेले डबे त्याने उठवून बसवले होते. म्हणून कंडक्टरकाकांच्या घरून निरोप आला तसा तो जेवण अर्धं टाकून गेला.

काका बसचे कंडक्टर होते. हाळी अशी की पुढच्या थांब्यावरची माणसं उठून उभी राहायची. मागच्या वर्षी गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, जीव हवा तर आवाज द्या. ऑपरेशनच्या आधी तीन दिवस काका कॉम्प्युटरपुढे बसून बोलले. "अगं, पाणी दे." "दुखतंय." "दार वाजतंय, बघ." "तू जेवलीस का?" अशी चाळीसेक वाक्यं. नंतर बटण दाबायचं आणि यंत्राने त्यांच्या आवाजात हाक मारायची. लिहून दाखवावं तर काकूंचं वाचन बेताचं.

पण यंत्र म्हातारं. पाण्याची हाक काकूंपर्यंत पोचेतो काका स्वतः उठून पाणी पिऊन यायचे. म्हणून मास्तरला बोलावणं.

काका औषधाच्या गुंगीत झोपले होते. मास्तरने वायरी काढता काढता विचारलं, "काकू, यातलं काही ठेवायचंय? सगळं धुऊन निघणार बरं का."

"जे ठेवायचं ते मी बाजूला काढून ठेवलंय," काकू म्हणाल्या.

मास्तरला कौतुक वाटलं. म्हातारी पक्की, नक्कल करून ठेवलीन.

काकूंनी ठेवले होते ते दोन स्पीकर. आवाज त्यांतून यायचा, म्हणजे असणारही त्यांतच. मऊ फडक्यात गुंडाळून, धक्का लागू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात.

मास्तरने घरी डबा उघडला, धूळ झाडली. दोन्ही सिस्टिमा शेजारी शेजारी ठेवता येतात, पण जागा कमी होती आणि त्याला घाई होती. सगळं पुसायचं का, असं यंत्राने विचारलं. त्याने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र नव्या नवरीसारखं चटचट चालायला लागलं. काकूंनी स्पीकर आणले, फडकं सोडलं. काका खुर्चीत सावरून बसले आणि पडद्यावर आपली वाक्यं शोधू लागले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्यांनी मान वर करून मास्तरकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही ठेवलेलं कुठाय?" मास्तर म्हणाला.

"हे काय!" काकूंनी स्पीकरवर हात ठेवला.

मास्तरने वायरी काढल्या आणि डबा पुन्हा घरी नेला.

नऊ दिवस तो त्या डिस्कमागे लागला होता. जेवण नाही, झोप नाही. पुसलेलं परत काढायचे विकतचे, फुकटचे, सगळे मार्ग करून पाहिले. पण जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं. चाळीसातलं एकही नाही, वेगळंच एक वाक्य हाती लागलं, तेही काकांनी ठेवायचं म्हणून बोललेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी त्याने जे घडलं ते काकूंना स्पष्ट सांगितलं.

"खरं सांगा मास्तर, विकतचीच राहू दिली असती तर?"

"रडतखडत चालली असती, काकू. पण आवाज राहिला असता." मग तो म्हणाला, "यात मोकळीचा दोष नाही. मी उघडून बघायला हवं होतं."

"दोष कुणाचा ते ठेवा तुमच्यापाशी. यांनी आता मला हाक कशी मारायची, ते सांगा."

त्याच्यापाशी सापडलेलं ते एकच वाक्य होतं, ते त्याने बटणाला लावून दिलं. स्पीकरमधून आधी खोकला आला, मग काकांचा तोच घसघशीत आवाज: "चालू झालं का हे?"

काकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. काकांनी खुर्ची बटणाजवळ ओढली. मग त्यांनी ते दाबलं. काकू बाहेर आल्या.

"पाणी हवंय?" काकांनी मान हलवली, नाही. "दुखतंय?"

हो.

तेव्हापासून त्या घरात दिवसभर तेवढंच ऐकू येतं. चालू झालं का हे? आणि काकू हातातलं काम टाकून येतात आणि एकेक विचारत बसतात. मास्तर हल्ली मागच्या बोळाने जातो, पण काकांचा आवाज तिथवरही पोचतो.