दही न मोडणारी गाडी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी तिच्या पाठीशी उभी राहिले ती माझ्या मामेसासऱ्यांमुळे. हे आधीच सांगून टाकते; नाहीतर मामाजींबद्दल बोलायला लागलं की मला हसू आवरत नाही आणि मुख्य तेच राहून जातं. गोंदियाजवळच्या आमच्या अख्ख्या आमगावात लडाखला जायची एवढी तयारी केलेला माणूस दुसरा नाही, आणि एवढी तयारी करून लडाखला न गेलेलाही दुसरा कोणी नसेल.

मी सांगलीकडची. आई लवकर गेली, बहीण लहान. तिला सांभाळायला म्हणून सातवीतच शाळा सोडली. पुढं तांदळाचा ट्रक घेऊन आमच्याकडं येणाऱ्या ड्रायव्हरशी लग्न झालं आणि ज्वारीच्या मुलखातली मी धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, येऊन पडले. नवरा सदा रस्त्यावर. इथल्या बोलीत कुणी मोठ्यानं बोललं तरी मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. अशा दिवसांत शेजारच्या अंगणात हे मामाजी दिसले. राइस मिलमधून नुकते आलेले, अंगभर कोंडा, आणि एका उघड्या पडलेल्या मोटरसायकलपुढं जेवायला बसावं तशी मांडी घालून बसलेले.

ती गाडी निवडायलाच त्यांना कितीतरी वर्षं लागली, असं मामी सांगतात. गोंदियाच्या बाजारात कुणी मोठी गाडी लावून दुकानात शिरला की हे तिच्यावर बसून डोळे मिटायचे. मालक येऊन ओरडला तर म्हणायचे, "थांब ना गा, आता घाट चढून राहिलो." शेवटी डोळे मिटल्यावर जिच्यावर थंडी वाजली, ती गाडी त्यांनी घेतली. जुनी, जड, धडधडणारी. मग तिला लडाखलायक करणं सुरू झालं. जवळच बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं उतरतात. तिथं कुंपणापाशी उभं राहून त्यांनी विमानाच्या नाकाचा आकार डोळ्यांत भरून घेतला आणि तशीच वाकवलेली काच गाडीच्या पुढं बसवली. त्या काचेमागून मामाजींचं तोंड बरणीतल्या लोणच्यासारखं दिसे. भर मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, हे लोकरीचे हातमोजे घालून स्टेशनपर्यंत जाऊन यायचे. "आदत नाही पाहिजे का?" मागची सीट काढून त्यांनी तिथं जुन्या खुर्चीची पाठ आणि हात जोडले होते. "मांगच्या मानसाले झोप नाही लागली त टूर कायचा?"

आणि दही. नवी स्प्रिंग, नवा शॉकअप, काहीही बसवलं की मामाजी दह्यानं भरलेला स्टीलचा डबा मागं लटकवून कचारगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत. परत आल्यावर अंगणात सगळ्यांसमोर झाकण निघे. दही जसंच्या तसं लागलेलं असेल तर गाडी लडाखला तयार. पण झाकण काढलं की वर लोण्याचा गोळा तरंगत असे. मामाजी कपाळाला हात लावत आणि मामी कढई चुलीवर ठेवत. "लद्दाख कवा होते त देव जाने," त्या म्हणत, "तूप मात्र घरचंच हाये."

बहिणीचं लग्न ठरलं. तिकीट काढलं, पिशवी भरली, आणि निघायच्या दिवशी कळलं की पुढं रुळांचं काम निघालंय, गाडी रद्द. नवरा रायपूरच्या पलीकडं. बसमध्ये मला उलट्या होतात, आणि एकटीनं बस बदलत एवढ्या लांब जायची माझी छाती नव्हती. आई गेल्यावर जिच्या वेण्या मी घातल्या, तिच्यावर अक्षता पडताना मागं कुणीच नसणार, म्हणून मी अंगणात बसून रडत होते.

"काऊन रडते वो बाई? सांगली लद्दाखच्या रस्त्यात हाये काय?"

"नाही मामाजी. एकदम उलट्या दिशेला."

"त मंग जवळच असन. बस मांगं."

माघाचं धुकं होतं. त्या खुर्चीत बसून मी दर वळणाला "हळू, मामाजी, हळू" म्हणत होते, आणि दर वळणाला ते आणखी हळू होत होते. तळी मागं गेली, मग कपाशी आली, मग माळ. मधूनच डोळा लागायचा आणि उघडला की आभाळ वेगळंच असायचं. अधांतरी तरंगत घरी निघाल्यासारखं वाटायचं. एका धाब्यावर नव्या चकचकीत गाड्यांवरची मंडळी भेटली. जाकिटं, गुडघ्यांना ढाली. एकानं आमच्या गाडीभोवती दोनदा फेरी मारून विचारलं, "अंकल, टूरिंग में स्पीड कितना रखते हो?"

"बहू को डर नहीं लगता, उतना," मामाजी म्हणाले.

शेवटच्या मुक्कामाला त्यांनी दूध मागून डबा विरजला आणि सकाळी मागं बांधला. आमच्या गावाजवळ उसानं भरलेली एक बैलगाडी आमच्या पुढं निघून गेली. मामाजींनी तिलाही हात दाखवून वाट दिली.

हळदीच्या दिवशी आम्ही पोचलो. बहिणीनं पिवळ्या हातांनी माझ्या गळ्यात पडून झाल्यावर विचारलं, डब्यात काय आणलंस? झाकण उघडलं. दही जसंच्या तसं. एक चीर नाही, पाणी सुटलेलं नाही. मामाजी वाकून बघत म्हणाले, "जमला बाप्पा, शॉकअप जमला."

शॉकअप तोच होता. आदल्याच आठवड्यात कचारगडहून येताना त्यानं लोणी काढलं होतं.

आता मामाजींचा गुडघा वाकत नाही. गाडी ओसरीत उभी असते. रोज काच पुसतात. "गाडी तयार झाली त पाय बिघडला," म्हणतात आणि डोळे मिटून तिच्या मागच्या खुर्चीत बसतात. घाट चढत असावेत. हल्ली धान निघालेल्या रिकाम्या बांधीत ते मला ती गाडी शिकवून राहिलेत. बांधावरून ओरडतात, "कायले भेते? मी हावो ना!"

मामाजी, थोडे थांबा. वळणावर अजून मी पाय जमिनीला टेकवते. ती सवय गेली की मागच्या खुर्चीत तुम्ही बसायचं, मांडीवर डबा घ्यायचा, आणि झोप आली तर खुशाल झोपायचं. लडाखला मी नेईन तुम्हाला. दही मोडू देणार नाही.