काकांच्या गाडीचा अर्थ

आमच्या काकांनी उभ्या आयुष्यात कुणालाही चुकीचं वाक्य पुरं करू दिलेलं नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खं इंदिरानगर वर्गात बसवलं. भाजीवाल्याच्या पाटीवरची 'मेथि' ते खिशातल्या खडूने दीर्घ करत आणि जुडी घ्यायची विसरून घरी येत. एका बारशाला पाळणा म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी मधेच थांबवून क्रियापद बदलायला लावलं; तेवढ्यात बाळ झोपलं म्हणून निभावलं. पण त्यांची सर्वात जुनी विद्यार्थिनी मावशीच. तिचं माहेर बागलाणातलं नामपूर, आणि तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. नव्या नवरीने स्वयंपाकघरातून सांगितलं, "चहा तयार शे," आणि काका बाहेरून म्हणाले, "आहे." तिच्या तोंडून 'आहे' येईपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही, हे मावशीच हसत हसत सांगायची. पुढे तिचा 'शे' आम्ही कधी ऐकला नाही. भावाचा फोन आला की मात्र ती गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची.

गेल्या वर्षी मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. "त्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत," डॉक्टर म्हणाले. शब्द सापडत नाहीत म्हणजे काय, हे काकांना पटेचना. त्यांच्या घरात बाकी काहीही कमी असेल, शब्द कधीच कमी नव्हते. ते रोज तिच्यासमोर बसत. "हा पेला आहे. म्हण, आहे." मावशी भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायची. मला दोघांचीही दया यायची आणि काकांचा रागही. फक्त संध्याकाळी गाडीतून मळ्यांच्या बाजूला चक्कर मारायला निघालं, की ती बाहेर बघत ओठ हलवायची. काका मला फोनवर सांगत, "आज काहीतरी म्हणायला आली होती. ओठांपर्यंत आलं होतं गं." त्या चकरेवर ते जगत होते.

आणि नेमके गाडीचे हेडलाइट बिघडले. वळताना साइडचा दिवा लावला की त्याच्या तालावर हेही मंद होत, पुन्हा भडकत. मावशी दचकायची आणि काकांची बाही ओढून परत चला म्हणून खुणावायची. मग एके दिवशी ती गाडीत बसायलाच तयार होईना. आता काकांचं तत्त्व असं, की दुखण्याला अचूक शब्द सापडला की निम्मं दुखणं बरं होतं. इंजिन 'खडखडतं' की 'घरघरतं' यावर एकदा आम्ही पार्किंगमध्ये इतके भांडलो, की तोवर ते बंदच पडलं. या वेळीही त्यांनी मला विचारलं, "लुकलुकतात ते तारे. मिणमिणते ती चिमणी. हे काय करतात, सांग." मी म्हणाले, "फडफडतात." काकांनी तडक गाडीची किल्ली उचलली. फडफडतो तो विझायला आलेला दिवा, हे मला बोलून गेल्यावर सुचलं.

द्वारका चौकातल्या गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनने आधी बल्ब बदलले, मग बॅटरी बदलली. दिवे होते तसेच. शेवटी मीही काकांबरोबर गेले. या खेपेला त्याने एक सुटी वायर बॅटरीपासून थेट दिव्यापर्यंत धरली, तसा उजेड स्थिर झाला.

"काका, हिचा अर्थ लागत नाहीये," तो म्हणाला.

"काय लागत नाही?"

"अर्थ. करंट फुल येतोय, पण बॉडीला अर्थ बसत नाही ना, म्हणून लाइट नाचतो." काळी वायर जिथे गाडीच्या पत्र्याला कसलेली होती, तो गंजलेला बोल्ट त्याने दाखवला आणि पॉलिशपेपरने घासायला घेतला.

आता अर्थिंगला 'अर्थ' म्हटल्याबद्दल हा बिचारा तासभर अडकणार, म्हणून मी स्टूल ओढून बसले. पण काका त्या बोल्टवर वाकून बघू लागले. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे दिवा चांगला आहे?"

"दिव्याला काय झालंय? दिवा एक नंबर हे."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मावशीची समजूत काढून तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसले. मळ्यांजवळ दिवेलागण झाली. काकांनी हेडलाइट लावले, वळणावर साइड दिली. उजेड हलला नाही. मावशी बाहीकडे हात नेता नेता थांबली, रस्त्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले.

"उजेड... शे."

आता काकांचं 'आहे' येणार, असं मला सवयीने वाटलं. काकांनी गाडी कडेला घेतली. तिच्याकडे न बघता, समोर बघत ते म्हणाले, "शे." मग स्टिअरिंगवर डोकं टेकून पुन्हा म्हणाले, "शे गं, शे."

मावशीला अजून फार बोलता येत नाही. येतं ते सगळं नामपूरचं. मी फोन करून विचारते, "मावशी कशी आहे?" काका म्हणतात, "बरी शे." मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली; 'आहे' माझ्या अगदी ओठांवर येतं. पण मी त्यांना वाक्य पुरं करू देते.